वाडी भरली

१६ मे, रात्री साडेअकरा

आज डोहाळजेवण, आईने माझी वाडी भरली. फुलं सकाळीच बर्डीवरून आणली होती. बाजूबंद, कंबरपट्टा सगळं झालं, मुकुटापाशी अडलं. कॅन्सरच्या किमोने केसच गेलेत, पिना कशात खोचणार? शेवटी तिने तिचा मऊ सुती दुपट्टा माझ्या डोक्याला बांधला आणि त्यावरच सुईदोऱ्याने मोगरा टाचला. सुई लागू नये म्हणून डाव्या हाताची बोटं दुपट्ट्याखाली सरकवून ठेवली होती. दर टाक्याला विचारायची, "टोचलं काय गं?"

बाहेर बरं असतं. मे महिन्यात नागपुरात सगळ्याच बाया डोकं-तोंड बांधून निघतात. घरात आलं की डोकं उघडं पडतं.

जानेवारीच्या शेवटी छातीत गाठ लागली, तेव्हा चौथा महिना होता. जिथे दाखवलं तिथे म्हणाले, दिवस गेल्यावर असं होतंच, दुधाची गाठ असेल. त्यात महिना गेला. तो महिना अजून माझ्या घशाखाली उतरत नाही. पोटात बाळ असतानाही सोनोग्राफी करता येते, सुईने तुकडा काढून तपासता येतो. पोटुशा बाईची गाठ दोन आठवड्यांत गेली नाही, तर कुणाचंही न ऐकता तपासून घ्यावीच.

तपासलं तर कॅन्सर निघाला. मग नातेवाइकांचं सुरू झालं, "मूल पुन्हा होईल." कॅन्सरच्या डॉक्टरांनी आम्हा दोघांना बसवून सांगितलं, मूल पाडल्याने आजार जास्त बरा होतो असं नाही. पहिल्या तीन महिन्यांत बाळाचे अवयव घडतात, तेव्हा किमो देत नाहीत. पुढे ठरावीक औषधं चालतात. बाळंतपणाआधी तीनेक आठवडे ती थांबवतात, रक्तातल्या पेशी भरून याव्यात म्हणून. रेडिएशन नंतरच.

गेल्या शनिवारी चौथी किमो झाली. ते लाल औषध नळीतून उतरायला लागलं की माझा हात आपोआप पोटावर जातो. सोनोग्राफीत वाढ बरोबर आहे.

दूध मात्र पाजता येणार नाही, पुढेही किमो आहे. आज ओटी भरताना सगळ्या जणी तेवढं सोडून बोलल्या.

किमोपासून फोडणीचा वास सोसवत नाही. मोगऱ्याचा सोसवला. आई म्हणाली, टाके सकाळी उसवू. दुपट्टा डोक्यावरच आहे, कूलर चालू आहे, आणि बाळ जागं आहे.