विकतची डिस्क, काळा पडदा

बाबांचा ऐंशीवा वाढदिवस जुलैतल्या एका रविवारी आला होता. महिनाभर आधी न्यू जर्सीच्या आतेभावाला गळ घालून मी त्यांच्या आवडत्या जुन्या युद्धपटाची ब्लू-रे, म्हणजे डीव्हीडीपेक्षा स्पष्ट चित्राची डिस्क, मागवून ठेवली. नोकरीला लागल्या लागल्या बाबांनी हा सिनेमा रीगलला दोनदा पाहिला होता. दुसऱ्या वेळी ऑफिसला दांडी मारून, हे आम्हाला अलीकडेच कळलं. अशी डिस्क पूर्वी काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमध्ये विचारून तरी बघता यायची. ते २०१६ साली बंद झालं, आणि तेव्हापासून आमच्या पार्ल्याच्या घरी डिस्क येते ती कुणाच्या तरी बॅगेतून, बदाम आणि चॉकलेटांच्या मधे दबून.

आमच्या हॉलमध्ये टीव्हीखाली प्लेअर नाही, कॉम्प्युटर आहे. २०१२ साली लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेला, जुन्या व्हीसीआरसारखा दिसणारा काळा आडवा डबा. फोटो, गाणी, व्याख्यानं, सिनेमे, सगळं त्यावरच. "टीव्हीखाली एकच डबा दिसला पाहिजे" ही बायकोची अट होती आणि ती मी अभिमानाने पाळली होती. त्यात ब्लू-रे ड्राइव्ह होता आणि ड्राइव्हसोबत फुकट आलेलं प्लेअर सॉफ्टवेअर. घरातल्या आठ-दहा डिस्क त्यावर वर्षानुवर्षं विनातक्रार चालत होत्या.

गुरुवारी रात्री, सगळे झोपल्यावर, रंगीत तालीम म्हणून नवी डिस्क आत सरकवली. ड्राइव्हने घुर्र केलं, थोडा वेळ विचार केला, आणि पडद्यावर एक चौकट आली: ही डिस्क चालवण्यासाठी सॉफ्टवेअर अपडेट करा. अपडेटचं बटण दाबलं तर कळलं की माझ्या आवृत्तीला आता अपडेट मिळत नाहीत.

म्हटलं, असेल बुवा. निदान ड्राइव्ह ठीक आहे ना ते पाहावं, म्हणून समुद्राच्या तळावरचा तो माहितीपट लावला, जो आम्ही येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला दाखवून दाखवून झिजवला आहे. तीच चौकट. ही डिस्क तर गेल्याच रविवारी चालली होती! दुसरी लावली, तिसरी लावली. सगळ्यांनी एकजात मान फिरवलेली.

इथे माझी पहिली चूक झाली. पावसाळा होता, घरात सगळ्याला ओल धरलेली, चपलांवर हिरवट लव आलेली. तेव्हा लेन्सवर बुरशी चढली असणार हे मी मनाशी ठरवूनच टाकलं. शुक्रवारी अर्धा दिवस रजा टाकली, ड्राइव्ह स्क्रू काढून पिशवीत घातला, ग्रँट रोडला उतरलो आणि छत्री सांभाळत लॅमिंग्टन रोडवर गेलो.

दुरुस्तीवाला मुलगा फार तर पंचविशीचा. त्याने आधी एक डीव्हीडी लावली. चालली. मी लगेच म्हणालो, "म्हणजे लेन्स ठीक आहे."

"तसं नाही काका. डीव्हीडीचा लेझर वेगळा, याचा वेगळा."

खरंच होतं. डीव्हीडी वाचायला ६५० नॅनोमीटरचा लाल लेझर लागतो, ब्लू-रेला ४०५ नॅनोमीटरचा जांभळा. एक गेला तरी दुसरा ठणठणीत असू शकतो. मग त्याने खणातून कुणाच्या तरी लग्नाचं शूटिंग उतरवलेली ब्लू-रे काढली. ती लागली, आणि अशी झक्क लागली की नवरदेवाच्या मुंडावळ्यांतले मणी मोजता आले असते. त्याने ड्राइव्ह माझ्या हातात परत ठेवला. "लेन्स साफ आहे. लग्नाला लॉक नसतो, पिक्चरला असतो. तुमचं लॉकचं लफडं आहे." पैसेही घेतले नाहीत.

त्या रात्री मी या लफड्याचा माग काढला, आणि जे कळलं त्याने डोकंच भणाणलं. ब्लू-रेवरचा सिनेमा एएसीएस नावाच्या कुलपात बंद असतो. प्रत्येक प्लेअर सॉफ्टवेअरला आपापल्या किल्ल्या आणि एक ओळखपत्र दिलेलं असतं. २००७ मध्ये काही हुशार मंडळींनी अशाच एका सॉफ्टवेअरच्या पोटातून किल्ल्या बाहेर काढल्या. त्या रद्द करण्यात आल्या, आणि ज्यांनी नवं अपडेट घेतलं नाही त्यांना पुढच्या डिस्क चालेनाशा झाल्या. इथपर्यंत समजू शकतो. पण नव्या डिस्कवर सिनेमाबरोबर आणखी एक गोष्ट येते: रद्द झालेल्या ओळखपत्रांची यादी. तुम्ही डिस्क आत सरकवता, ड्राइव्ह ती यादी वाचतो, आपल्याकडच्या यादीपेक्षा ती नवी असेल तर आपल्या चिपमध्ये उतरवून घेतो, आणि त्या यादीत नाव असलेल्या सॉफ्टवेअरशी त्यानंतर बोलणंच टाकतो. डिस्क बाहेर काढून उपयोग नाही. विंडोज नव्याने टाकूनही उपयोग नाही, कारण यादी कॉम्प्युटरमध्ये नाही, ड्राइव्हमध्ये बसली आहे. ती पुढे सरकते, मागे येत नाही.

म्हणजे बाबांच्या वाढदिवसाच्या डिस्कने नुसतं स्वतः चालायला नकार दिला नव्हता. कपाटातल्या जुन्या आठ-दहा डिस्कनाही ती सोबत घेऊन बुडाली होती. सोसायटीत एक नवा बिऱ्हाडकरू यावा आणि त्याने वॉचमनला बजावावं की या जुन्या भाडेकरूला गेटातून आत घेऊ नकोस, तसं.

शनिवारी सकाळी बाबा पेपर घेऊन बाहेर आले, तर मी उघड्या डब्यासमोर मांडी घालून बसलेलो. गुपित फुटलंच होतं, म्हणून सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून ऐकलं. बँकेत सदतीस वर्षं काढलेला माणूस. एकच प्रश्न विचारला.

"डिस्क विकत घेतलीय ना आपण?"

"हो."

"पावती आहे?"

"आहे."

"मग?"

या 'मग'ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी नवं सॉफ्टवेअर विकत घेतलं. डिस्कच्या किमतीपेक्षा जास्त पैसे गेले, पण रविवार उद्यावर होता.

नव्या सॉफ्टवेअरने आधी विचारलं, तुम्ही कोणत्या विभागात राहता? डिस्कच्या पाठीवर बारीक 'ए'ची खूण होती, म्हणजे ती 'ए' विभागातच चालणार. ब्लू-रेच्या नकाशात अमेरिका 'ए' आणि आपण 'सी', चीन आणि रशियाच्या पंगतीत. डीव्हीडीच्या हिशेबात आपण पाच नंबरचे, ती भानगड निराळी. तिथे विभाग ड्राइव्ह तपासतो आणि जन्मभरात पाचदाच बदलू देतो. कॉम्प्युटरवरच्या ब्लू-रेला मात्र ही तपासणी सॉफ्टवेअर करतं. मी पार्ल्यात बसून 'ए' निवडलं आणि मनातल्या मनात न्यू जर्सीला स्थायिक झालो. किती वेळा बदलता येईल याची मोजदाद तिथेही होतीच. सोपं गेलेलं असं हे एवढंच.

मेनू आला. संगीत सुरू झालं. 'प्ले' दाबलं, आणि पडदा काळा. खाली ओळ: आपला डिस्प्ले कॉपी प्रोटेक्शनला अनुकूल नाही.

कॉम्प्युटरमधून निघालेलं चित्र एचडीएमआय केबलने अँप्लिफायरमध्ये जातं, तिथून टीव्हीत. या वाटेवर एचडीसीपी नावाचा पहारा असतो. प्रत्येक टप्प्यावरचं यंत्र पुढच्याला ओळख विचारतं, आणि एकाने जरी नीट ओळख दिली नाही तर चित्र पुढे जात नाही. मी अँप्लिफायर काढून केबल थेट टीव्हीला जोडली. काळंच. केबल बदलली. काळंच. शेजाऱ्यांचा टीव्ही उचलून आणायचा विचार मनात आला होता, तो बायकोने डोळ्यांनीच खोडून काढला.

शेवटी पुण्याच्या भाच्याला फोन लावला. त्याने माझा पडदा स्वतःच्या लॅपटॉपवर घेतला आणि तासभर सेटिंग्ज उलटसुलट केल्या. मधेच म्हणाला, "मामा, कशाला डोकं फोडतोस? एक प्रोग्रॅम टाकतो, लॉक काढून फाइलच करून टाकू."

मोह झाला, खोटं कशाला बोलू. आमच्याच मजल्यावर वकीलबाई राहतात, त्यांना जिन्यात गाठून विचारलं. कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५ए आलं आहे, त्या म्हणाल्या. कुलूप तोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. पण त्यात 'हक्कभंग करण्याच्या हेतूने' असे शब्द आहेत, आणि खासगी वापराची मुभा दुसऱ्या कलमात आहे. "म्हणजे मी करू की नको?" "तुमचा हेतू काय, ते तुम्ही कोर्टात सांगा," असं म्हणून हसत हसत त्या भाजी आणायला उतरल्या. मी भाच्याला नको म्हणालो. तत्त्व वगैरे नव्हतं. एवढे पैसे ओतल्यावर ती डिस्क सरळ मार्गाने चाललीच पाहिजे या हट्टाला मी पेटलो होतो.

आणि उत्तर सापडलं ते स्वयंपाकघरात.

रात्री नऊच्या सुमाराला आई आतून ओरडली, "अरे, काय चाललंय? माझ्या टीव्हीवर पण तेच इंग्रजी येतंय!" आईचा टीव्ही म्हणजे फ्रिजवर ठेवलेला सतरा इंची जुना मॉनिटर. भाजी निवडताना मालिका दिसावी म्हणून मी हॉलमधल्या कॉम्प्युटरपासून माळ्यावरून लांबलचक व्हीजीए वायर ओढून तो जोडला होता. हॉलमध्ये जे दिसतं तेच तिथे दिसतं. सात-आठ वर्षं होऊन गेली, मी ती वायर पार विसरून गेलो होतो. व्हीजीए म्हणजे जुनी अॅनालॉग तार, तिला ओळख विचारायची सोयच नाही. टीव्ही बिचारा नीट नाव-गाव सांगत होता. पण तेच चित्र आतल्या खोलीत एक अनोळखी बघत होता, म्हणून नवं सॉफ्टवेअर आडून बसलं होतं; जुनं बहुधा काणाडोळा करायचं.

स्टुलावर चढून, कोळिष्टकं अंगावर घेत, ती वायर उपटली. हॉलमध्ये येऊन 'प्ले' दाबलं. क्षणभर अंधार, आणि मग वाळवंट. आख्ख्या भिंतीभर पिवळंधमक वाळवंट.

"आलं!" मी ओरडलो.

फोनवरून भाचा: "कुठे आलं? इकडे काळंच आहे मामा."

"अरे, समोर दिसतंय मला."

"मला नाही दिसत. थांब, परत एकदा ड्रायव्हर बदलून बघतो."

"हात लावू नकोस कशाला!"

नंतर उलगडा झाला. पहाऱ्यातलं चित्र दुसरीकडे पाठवता येत नाही, म्हणून त्याच्या पडद्यावर खिडकीच्या जागी काळा चौकोनच जायचा. तो तासभर काळ्या चौकोनावर इलाज करत होता, आणि त्याच्याकडे तो बरा होणं शक्यच नव्हतं.

रविवारी औक्षण झालं, श्रीखंड-पुरी झाली, आणि तीन वाजता पडदे ओढले. आईला पहिल्यांदाच हातातलं टाकून हॉलमध्ये येऊन बसावं लागलं, कारण तिचा मॉनिटर सिनेमा संपेपर्यंत मुका. बाबा पुढे सरकून, गुडघ्यांवर हात ठेवून बघत होते. एका दृश्यात पहारेकरी उन्हात उभा आहे, आणि त्याच्या मानेवर घामाच्या ओघळाशेजारी एक माशी येऊन बसते. त्याला हलायची परवानगी नाही. बाबांनी मला हाताने थांबवायला सांगितलं.

"ही माशी रीगलला नव्हती."

"असणारच बाबा. दिसली नसेल."

"दोनदा बघितलाय मी," ते म्हणाले. "मागे घे जरा."

मागे घेतलं. माशी पुन्हा येऊन बसली.

दिवाळीत आतेभावाने, आता सवय लागलीय म्हणून, आणखी एक खोकं पाठवलं. त्यात दोन डिस्क आहेत, एक ४के, म्हणजे आणखी स्पष्ट चित्राची, आणि एक साधी ब्लू-रे. ४केला विभागांची कटकट नाही, हे वाचून आधी आनंद झाला. पण कॉम्प्युटरवर रीतसर चालवायला तिला प्रोसेसरमध्ये एसजीएक्स नावाची कप्पेबंद जागा लागते. ती माझ्या २०१२ च्या डब्यात नाही, आणि इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरच्या ११व्या पिढीपासून तर ती काढूनच टाकलेली आहे, म्हणजे नवाकोरा कॉम्प्युटर आणला तरी त्यात नसणार. ४के बाद.

उरली साधी ब्लू-रे. तिच्यावरची यादी जुलैतल्या डिस्कपेक्षा नवी असू शकते. माझं विकतचं सॉफ्टवेअर त्या यादीत अजून गेलेलं नसेल. बहुतेक नसेलच.

खोकं टीव्हीशेजारी गणपतीच्या फोटोखाली ठेवलंय, प्लास्टिक अजून फाडलेलं नाही. बाबा रोज संध्याकाळी पेपर ठेवायला तिथे जातात, खोकं उचलतात, मागचं वाचतात आणि माझ्याकडे बघून पुन्हा खाली ठेवतात.