बावखल वगळून

झावळ्यांच्या रविवारच्या, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारच्या, आधीच्या शुक्रवारी आगाशीच्या सेंट जेम्स चर्चपासून वसईच्या किल्ल्यापर्यंत चालायचं, वाटेत क्रुसाच्या वाटेची चौदा स्थानं, म्हणजे येशूच्या शेवटच्या वाटचालीतले चौदा प्रसंग आठवत थांबून प्रार्थना, घ्यायची, किल्ल्यात मिस्सा, म्हणजे चर्चचा मुख्य उपासनाविधी, ऐकायची आणि घरी परतायचं, अशी आमची वारी. पताका नाहीत, दिंडीचे नंबर नाहीत. एक लाकडी क्रूस, तो आळीपाळीने खांद्यावर घ्यायचा. शिवाय एक स्पीकर, जो नंदाखालच्या पुढे हमखास बंद पडतो. मग म्हाताऱ्या बायका स्वतःच्या आवाजात गायला लागतात आणि सगळ्यांनाच बरं वाटतं.

यंदा माझा धाकटा भाऊही आला होता. पापं धुवायला नाही, त्याला माझी सही हवी होती.

निर्मळजवळ आमच्या बाबांची वाडी आहे. केळी, थोडी पानवेल, चाफ्याची झाडं आणि मधोमध बावखल, म्हणजे आमच्याकडचं वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. सातबाऱ्यावर तिघा भावांच्या नावांखाली माझंही नाव लागलंय. बिल्डरला सगळी जागा एकत्र हवी आहे, म्हणून भावांना माझं हक्कसोडपत्र हवं आहे. फुकट नाही मागत, बदल्यात देऊ केलेली रक्कम चांगली आहे. माझ्या मुलाला शिकायला कॅनडाला जायचंय, त्याची फी त्यात बसते. त्यामुळे मी साध्वी आणि भाऊ लोभी असं काही समजू नका. आगाशीहून निघताना रोझरीचे मणी सरकत होते आणि मनात हिशेबही सरकत होता. दोन्ही एकाच चालीत.

पहिल्या स्थानापाशी फादरांनी दोन धन्यांची चाकरी करता येत नाही, हे वचन वाचलं. माना हलल्या. आमच्याकडे या वचनाला नेहमीच माना हलतात. वसईला देव आणि पैसा यांत निवड करावी लागली, ती जमिनीवरून. १९९० मध्ये नियोजन सिडको या सरकारी शहर-विकास महामंडळाकडे गेलं, त्याच्या आगेमागे बिल्डर आले, विहिरींचं पाणी उपसून नेणारे टँकर आले. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी हरित वसई संरक्षण समितीचे मोर्चे काढले तेव्हा मी तरुण होते, घोषणा देऊन घसा बसला होता. त्याच मोर्चात माझ्या शेजारून चालणाऱ्या काही जणांनी पुढे आपापल्या वाड्या ‘डेव्हलपमेंटला’ दिल्या. त्यांना दोष कुठल्या तोंडाने देऊ? वाडीत मजूर मिळत नाहीत, विहिरी खाऱ्या होत चालल्यात, पानवेलीवर पोरं शिकत नाहीत. येशूने त्या श्रीमंत तरुणाला सांगितलं होतं की आहे ते सगळं वीक आणि गोरगरिबांना दे. आमच्या गावांनी त्या आज्ञेचा पहिला अर्धा भाग तंतोतंत पाळला.

आणि चर्चही यात कोरडं राहिलेलं नाही, हे लिहायला हवं. नवी वेदी, नवी फरशी, नवा हॉल यासाठी पैसा कुठून येतो ते भिंतीवरच्या देणगीदारांच्या पाटीवर वाचता येतं. सर्वांत वरचं नाव बहुधा त्याचंच, ज्याची वाडी सर्वांत आधी गेली.

निर्मळच्या तळ्यापाशी उजाडलं. पुढे एका वळणावर ताकाचा मंडप होता, ‘पदयात्रींचे स्वागत’ असा फ्लेक्स, आणि खाली हात जोडलेला तोच बिल्डर, आमच्या वाडीचा. ताक थंड होतं, जिरं घातलेलं. मी दोन पेले प्यायले. भाऊ हसून म्हणाला, “बघ ताई, माणूस वाईट नाही.” मी म्हटलं, “ताक वाईट नाही.”

तिथून गासला वळलो. गासचं चर्च संत गोन्सालो गार्सियाचं. वसईत जन्मलेला हा माणूस ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानात नागासाकीला इतर पंचवीस जणांबरोबर क्रुसावर मारला गेला, आणि १८६२ मध्ये त्याला संतपद मिळालं. लहानपणी आम्हाला एवढंच सांगत. क्रूस, भाले, हुतात्मा. मधला काळ कुणी सांगत नसे. तो काळ व्यापाराचा होता. गोन्सालो पोरवयात जेझुइट या धर्मसंघाच्या लोकांबरोबर जपानला गेला, भाषा शिकला, त्यांची बरीच वर्षं सेवा केली, पण त्यांनी त्याला संघात घेतलं नाही. तेव्हा त्याने धंदा सुरू केला, आणि तो चालला. जपानी बोलणारा, ओळखीपाळखीचा माणूस, चांगला पैसा हाताशी आला. मग हे सगळं सोडून तो मनिलाला फ्रान्सिस्कन या दुसऱ्या धर्मसंघाकडे गेला, तेही धर्मगुरू म्हणून नाही, साधा ब्रदर म्हणून. मला तो भाल्यांच्या गोष्टीपेक्षा या गोष्टीत जास्त भेटतो. भाल्यापुढे उभं राहणं आपल्या वाट्याला येणार नाही. चालता धंदा, आलेली ऑफर, भरलेला फॉर्म, हे मात्र रोजचं आहे. आणि त्याने पैसा नालायक म्हणून सोडला असंही मला वाटत नाही. चव घेऊनच सोडला असणार.

गासहून पलीकडे नालासोपाऱ्याच्या इमारती दिसतात, रांगेने. भावाने तिकडे बोट दाखवून म्हटलं, “तिथंही मिठागरं होती की नाही, आता काय भाव आहे माहितेय?” त्याला भाव सांगितल्याशिवाय राहवत नव्हतं. मी म्हटलं, “जुलै २०१८ मध्ये तिथं किती दिवस पाणी होतं, तेही सांग.” तो गप्प झाला. पाणी कुठं मुरायचं होतं हे त्यालाही ठाऊक आहे, बावखलं बुजवताना त्याने पाहिली आहेत.

दहावं स्थान, म्हणजे येशूची वस्त्रं उतरवतात ते, गिरीजच्या पुढे एका कॉम्प्लेक्सच्या फाटकासमोर आलं. मुद्दाम नाही, अंतर तसंच पडतं. वॉचमनने खुर्ची आणून एका आजीला बसवलं. शिपायांनी कपड्यांवर चिठ्ठ्या टाकल्या, हे वाचन चालू असताना मला यहूदा आठवला, तीस नाण्यांसाठी येशूला पकडून देणारा त्याचा शिष्य. त्याच्या तीस नाण्यांचं पुढे काय झालं हे फारसं कुणी बोलत नाही. त्याने ती मंदिरात फेकली, आणि याजकांनी त्या पैशांतून कुंभाराचं शेत विकत घेतलं. शेवटी जमिनीचाच व्यवहार झाला.

पापडीला बाजाराची गर्दी होती. क्रूस वाट काढत गेला, एका कोळणीने टोपली बाजूला घेत छातीवर खूण केली आणि परत गिऱ्हाइकाकडे वळली. माझ्या टाचेला फोड आला होता, त्यापलीकडे या भागाचं काही आठवत नाही.

किल्ल्यात पोहोचल्यावर मी मिस्सेआधी फ्रान्सिस्कनांच्या जुन्या चर्चमध्ये जाऊन येते. छप्पर कधीच गेलंय, पण जमिनीवर थडग्यांच्या फरश्या आहेत. पोर्तुगीज उमरावांची नावं, कुळांची चिन्हं. दारिद्र्याचं व्रत घेणाऱ्या संघाच्या चर्चमध्ये वसईतल्या श्रीमंतांनी पुरून घेण्यासाठी जागा मिळवल्या होत्या. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला आणि या घराण्यांची वसई संपली. फरश्यांवर शेळ्यांच्या लेंड्या असतात. भाऊ एका चिन्हावरची माती बुटाने सरकवत म्हणाला, “हे पण मोठे लोक असतील.”

मिस्सेनंतर झाडाखाली त्याने विचारलं, “मग सोमवारी रजिस्ट्रार ऑफिसला येतेस ना?”

“येते. पण हक्कसोड नाही करणार. बावखल आणि त्याच्या काठाची जागा माझ्या नावावर राहू दे. बाकीचं तुम्ही काय करायचं ते करा.”

“अगं, बावखल वगळून कोण घेणार? ते मधोमध आहे.”

“मग नको घेऊ दे त्याने.”

“आणि पोराची फी?”

“कर्ज काढीन. की नाही जाणार तो. बघू.”

तो चिडला, मग हसला, मग पुन्हा चिडला. बिल्डरशी बोलून बघतो म्हणाला, काठ थोडा कमी करशील का म्हणाला. मी किती कमी ते विचारलं. तेवढ्यात रिक्षा आली आणि रिक्षावाल्याने नंदाखालचे असे पैसे सांगितले की आम्ही दोघं बहीणभाऊ वाडीचं सोडून एकजुटीने त्याच्याशी भांडायला लागलो.