घरच्या तळ्यात रोहूचे जिरे

डायघरच्या पुढं, कल्याण-शीळ रस्त्यापासून आतल्या अंगाला आमच्या भातशेतीचा शेवटचा तुकडा आहे. चहूकडं गोदामं झाली, पण हा तुकडा सासऱ्यांनी विकला नाही. त्यात सहा गुंठ्यांचं तळं आहे, कडेला विहीर आणि खालच्या बांधाशी गुंठाभराचा एक खड्डा. नवरा कंपनीत कामाला, त्यामुळे तळ्याचं सगळं मी आणि माझा धाकटा दीर बघतो.

सुरुवातीला आम्ही विकतच्या बियाण्यावर मासे वाढवायचो. ऑक्सिजन भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, यायची. एका वर्षी पिशव्या उघडल्या तर निम्मी पिल्लं पोट वर करून तरंगत होती. जी जगली ती मोठी होऊन जाळ्यात आली तेव्हा कळलं, रोहू म्हणून पैसे मोजले त्यात अर्ध्याहून जास्त सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प. पुरवठादाराला फोन केला तर ‘एवढ्या बारक्या पोरांत कोण ओळखतं’ म्हणून त्यानं फोन ठेवून दिला. सायप्रिनस तळ्याचे बांध उकरतो, पाणी गढूळ करतो आणि त्याला रोहूचा भावही मिळत नाही. वर्ष वाया गेलं होतं. बी आपलं आपणच काढायचं, असं मी तेव्हा ठरवलं.

सासूबाईंना ते पटत नव्हतं. ‘इंजेक्शन टोचून मासा वितो, असं कुठं असतं का?’ त्यांनी लहानपणापासून वलगण बघितलेली. पहिला मोठा पाऊस झाला की ओढ्याचं पाणी शेतात शिरायचं आणि मळ्ये, शिंगटी, खवल्या अंड्यांनी भरलेली पोटं घेऊन धारेच्या उलट चढायच्या. कंदील घेऊन सगळं गाव बांधावर. मासा पाणी चढल्यावर वितो, त्याला माणसाची गरज नाही, हे त्यांचं म्हणणं.

त्यांचं चुकत नव्हतं. रोहू, कटला, मृगळ हे मूळचे गंगेकडच्या नद्यांचे मासे, आणि तेही पुराचं पाणी काठावरच्या उथळ भागात पसरलं की तिथं जाऊन अंडी टाकतात. अडचण तळ्यात आहे. तळ्यात मादीच्या पोटात अंडी तयार होतात, पण पूर येत नाही, धार येत नाही, आणि मेंदूकडून जो शेवटचा निरोप सुटायला हवा तो सुटत नाही. मग ती अंडी अंगातच जिरून जातात. म्हणून पूर्वी देशभर नदीतूनच बी गोळा करायचे आणि त्यात नको ते सगळे मासे मिसळून यायचे. १९५७ च्या १० जुलैला ओडिशातल्या अंगुलला हिरालाल चौधुरी आणि त्यांच्या सोबत्यांनी माशाच्या मेंदूखालची पियुषिका ग्रंथी काढून, तिचा अर्क टोचून तळ्यातल्या रोहूच्या गटातल्या माशांकडून अंडी घेतली. तो दिवस आता राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळतात. ग्रंथी काढून वाटत बसायची गरज हल्ली राहिलेली नाही. ओव्हाप्रिम, ओव्हाटाइड अशी तयार औषधं बाटलीत मिळतात आणि मादीला एकाच वेळी टोचून भागतं.

हे सगळं मला माझ्या मामानं शिकवलं. तो मत्स्यबीज केंद्रातून निवृत्त झालाय. पण पहिल्या वर्षी मी त्याला विचारलंच नाही. औषध आणलं, मच्छरदाणीच्या कापडाचा हापा, म्हणजे पाण्यात बांबूंना बांधायची कापडी पेटी, शिवून घेतला आणि जूनच्या सुरुवातीला वळवाची एक सर आल्याबरोबर तीन माद्यांना इंजेक्शन दिलं. पोटं चांगली टम्म दिसत होती. रात्रभर आम्ही बांधावर बसलो. सकाळी हाप्यात एक अंडं नव्हतं, आणि त्यातली एक मादी मेलेली.

मी ती मादी घरी आणून पोट फाडलं. आतड्यात शेंगदाण्याच्या पेंडीचा पिवळट लगदा ठासून भरलेला. अंडाशय म्हणजे बोटाएवढ्या दोन पट्ट्या. मामाला तेव्हा फोन केला. तो दुसऱ्या दिवशी आला, तळ्यावर एक चक्कर मारली आणि म्हणाला, ‘बाय, पोट फुगलेलं तू बघितलंस, पण ते अंड्यानं फुगलंय का पेंडीनं, हे बघितलंस का? इंजेक्शनानं अंडं तयार होत नाय. तयार असलेलं फक्त सुटतं. तयारी थंडीपासून करायची असते.’

दुसऱ्या वर्षाची माझी सगळी मेहनत त्या थंडीपासूनची आहे. लोक मला औषध कुठलं, डोस किती, एवढंच विचारतात. सांगते मी, पण खरं काम जानेवारीत सुरू होतं. आम्ही तळं विरळ केलं. दोन वर्षांच्या पुढचे, खवला न सुटलेले, अंगानं सडपातळ पण भरीव असे पस्तीस मासे ठेवले, बाकीचे विकून टाकले. दाटीत मासा नीट अंडी धरत नाही. पेंड आणि भाताचा कोंडा निम्मा निम्मा मिसळून माशांच्या वजनाच्या शंभरातले दोन भाग, रोज एकाच वेळी, एकाच कोपऱ्यात. त्याहून जास्त नाही. माझा हात सैल होता, जास्त घातलं तर लवकर तयार होतील असं वाटायचं. मामानं सांगितलं की जास्त चरबी चढलेली मादी अंडी सोडायला कुचराई करते. मार्चपासून दर पंधरा दिवसांनी विहिरीचं पाणी रात्रभर तळ्यात सोडायचं. उन्हाळ्यात विहीर खाली गेली की गावाला पाणी की माशांना पाणी, यावरून घरात बोलणीही झाली. ती आम्ही तळ्याकडं येणारा पाइप अर्धा बंद करून मिटवली.

जून लागला तरी मी घाई केली नाही. पारसिकच्या डोंगरावर ढग बसले, दोन-तीन दिवस संततधार लागली, तळ्यात थर्मामीटर टाकला तर २८ अंश. मामा मुरबाडहून आला. त्या दिवशी आणि आदल्या दिवशी खाणं पूर्ण बंद ठेवलं होतं, म्हणजे फुगलेलं पोट दिसलं तर ते अंड्याचंच.

दुपारी जाळं ओढलं. पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकायचा नाही, खवलं सुटतात. मासा निवडणं हे डोळ्यापेक्षा बोटाचं काम आहे. नराचा छातीचा पर आतल्या बाजूनं हाताला खरखरीत लागतो, जिभेवर साखर घासल्यासारखा. मादीचा गुळगुळीत. नराच्या पोटावरून हलकं बोट फिरवलं की दुधासारखा पांढरा थेंब येतो. मादीचं पोट मऊ, बाजूंना पसरलेलं, आणि गुदद्वाराची जागा सुजून गुलाबी झालेली. पहिल्या दोन माद्या मामानं परत सोडल्या. तिसरीच्या पोटाला त्यानं माझं बोट लावलं. पिकलेल्या चिकूसारखं पोट, दाबलं की दबत होतं आणि लगेच वर येत होतं. ती काट्यावर एक किलो आठशे भरली. तिच्याबरोबर दोन नर, एक किलो दोनशे आणि एक किलो शंभर.

औषध मादीला किलोला ०.३ मिली, नराला त्याच्या निम्मं. म्हणजे मादीला ०.५४ मिली, नरांना ०.१८ आणि ०.१६ च्या आसपास. संध्याकाळी सात वाजता जुन्या गादीचा फोम ओला करून त्यावर मादी ठेवली. दिरानं तिच्या डोळ्यांवर ओलं फडकं धरलं. डोळे झाकले की मासा शांत पडतो. शेपटीच्या वर, बाजूच्या रेषेच्या वरच्या अंगाला, खवल्याच्या खालून सुई तिरकी घालायची. सुई काढताना एक खवला माझ्या हातून सुटला. मला फार वाईट वाटलं. मामा म्हणाला, ‘येईल परत. हळू दाब, औषध बाहेर येऊ देऊ नको.’ मी सुईच्या जागेवर अंगठा ठेवून थोडं चोळलं आणि तिघांना हाप्यात सोडलं. हाप्याचं तोंड वरून शिवून टाकलं, नाहीतर मासे उडी मारून जातात.

मामा झोपला. मला झोप येणं शक्य नव्हतं. रात्री पाऊस बारीक चालू होता. बारा वाजता काही नाही, दोन वाजता काही नाही, मागच्या वर्षीची मेलेली मादी माझ्या डोळ्यांसमोरून जाईना. चारच्या सुमाराला हाप्यात पाणी सपासप वाजायला लागलं. बॅटरी मारायची नाही असं सांगितलेलं, म्हणून अंधारात नुसतं ऐकत बसले. नर मादीला बाजूंनी ढुशा देत होते, कापड ताणलं जात होतं, बांबू हलत होते. सासूबाई कधी येऊन मागं उभ्या राहिल्या ते मला कळलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, ‘वलगणीचा आवाज आहे हा.’

उजाडल्यावर हाप्याचा कोपरा उचलला. तळाशी साबुदाण्याचा ढीग. भिजवलेला, फुगलेला साबुदाणा, किंचित तांबूस झाक असलेला, एकमेकांना न चिकटणारा. हातात घेतला तर प्रत्येक दाण्यात मध्ये एक बारीक ठिपका. फळलेलं अंडं काचेसारखं आरपार असतं, न फळलेलं दुधाळ पांढरं होतं. शंभर मोजली, अठ्ठ्याहत्तर आरपार. औषधाच्या बाटलीच्या २० मिलीच्या झाकणात पाचशेच्या आसपास बसली, आणि सगळी मिळून सात लिटर. म्हणजे पावणेदोन लाख. मामानं वहीत आकडा लिहिला तेव्हा माझा हात थरथरत होता.

आई-बापाला लगेच बाहेर काढून तळ्यात सोडलं. अंडी दोन उबवणीच्या हाप्यांत वाटली. हा हापा दुहेरी असतो. बाहेर मलमलीचं दाट कापड, आत मच्छरदाणीचं. अंडी आतल्यात राहतात. चौदा ते अठरा तासांत फुटतात, पिल्लू जाळीतून बाहेरच्या कापडात उतरतं आणि टरफलं आत उरतात. मग आतला हापा उचलून घ्यायचा. ती टरफलं राहिली तर पाणी कुजतं. मध्यरात्री बॅटरीच्या उजेडात बघितलं तर शेपटीचे केस हलत होते.

तिसऱ्या रात्री मुठ्यांनी, म्हणजे खेकड्यांनी, घात केला. भाताच्या शेतातले मुठे तळ्याच्या बांधात बिळं करून राहतात हे मला ठाऊक होतं, पण ते कापड कापतील हे डोक्यात आलं नाही. सकाळी एका हाप्याच्या खालच्या शिवणीशी वीतभर फट. आत मूठभर पिल्लं. बाकीची तळ्यात गेली, म्हणजे मोठ्या माशांच्या तोंडी. मी बांधावर बसून रडले. दीर काही न बोलता दुसऱ्या हाप्याचे बांबू उचलून वर घेत होता. तळ तळ्याच्या चिखलाला टेकू द्यायचा नाही, हात दीड हात अंतर ठेवायचं, हे आता कायमचं लक्षात राहिलं.

तीन दिवसांनी पिल्लाच्या पोटाची पिवळी पिशवी संपते आणि त्याला बाहेरचं खाणं लागतं. या वेळी ते पाऊण सेंटिमीटरसुद्धा नसतं. पांढऱ्या ताटलीत घेतलं की कळतं त्याला जिरे का म्हणतात. जिऱ्याचा दाणा, त्याला दोन काळे डोळे. वाटीनं मोजून पंचेचाळीस हजार भरले.

खालचा गुंठ्याचा खड्डा पंधरा दिवस आधी शेण टाकून तयार ठेवला होता, त्यात हिरवट पाणी धरून बारीक जीव झाले होते. पण त्याबरोबर पाण्यातले किडेही येतात आणि ते जिरे धरून खातात. त्यावर तेल आणि साबणाचा उपाय आहे. हेक्टरला ५६ किलो तेल आणि १८ किलो साबण, म्हणजे माझ्या गुंठ्याला ५६० ग्रॅम तेल आणि १८० ग्रॅम साबण. वारा नसताना एकत्र फेटून पसरायचं. पाण्यावर तवंग येतो, किडे श्वास घ्यायला वर येतात आणि मरतात. दुसऱ्या दिवशी किडे गाळून काढले आणि संध्याकाळी जिरे सोडले. भांडं अर्धा तास खड्ड्याच्या पाण्यात तरंगत ठेवून, मग तिरकं करून. ती आपोआप बाहेर पोहत गेली.

पेंडीची पूड आणि कोंडा चाळून रोज दोन वेळा. सोळाव्या दिवशी बारीक जाळं ओढलं. इंचभर लांब, अंगावर खवल्यांची सुरुवात, साडेसतरा हजार. एकही सायप्रिनस नाही. आमच्या तळ्याला लागतील तेवढी ठेवली, दिवा आणि देसाई या गावांतल्या तीन तळेवाल्यांनी उरलेली नेली. त्यांतल्या एकानं पिशवी उजेडात धरून विचारलं, रोहूच का? मी म्हटलं, आई-बाप दाखवते, या.

या मार्चला पुन्हा मासे निवडायला जाळं ओढलं. शेपटीपाशी एक खवला नवा, बाकीच्यांपेक्षा फिकट, अशी मादी हातात आली. दिरानं ओळखली आधी. ‘वहिनी, तीच.’ काट्यावर घातली, दोन किलो तीनशे. पोट अजून सपाट होतं. सोडून दिली आणि विहिरीचा पाइप चालू केला.