दिल्लीची जुनी गाडी पुण्यात आणताना: माझा अनुभव

दिल्लीत जुन्या गाड्या स्वस्त का मिळतात हे आधी समजून घ्यावं, म्हणजे त्या कमी भावात आपण नेमकं काय विकत घेतोय ते कळतं. राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०१५ मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना मनाई केली. पेट्रोलची मर्यादा पंधरा वर्षं, आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये दोन्ही मर्यादा कायम ठेवल्या. अंमलबजावणी तेव्हापासून कधी सैल, कधी घट्ट होत आली आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने निव्वळ वयावरून कारवाई नको असा अंतरिम आदेशही दिला, आणि डिसेंबर २०२५ मध्ये तो बीएस-४ आणि त्यानंतरच्या गाड्यांपुरताच ठेवला. पण बाजाराच्या मनातली भीती काही जात नाही. सात-आठ वर्षांच्या डिझेल गाडीला दिल्लीत दोन-तीन वर्षांचंच आयुष्य उरलेलं धरतात, तर महाराष्ट्रात तिचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं. भावातला फरक मुख्यतः तिथून येतो. म्हणून डिझेल घेणार असाल तर दहा वर्षं पूर्ण व्हायला निदान सहा महिने बाकी असलेलीच बघा. ती मर्यादा ओलांडली की कागद मिळवताना घाम फुटतो.

भाव ऐकून लगेच रेल्वेचं तिकीट काढू नका. आधी कराचा हिशोब मांडा. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल कारला दहा लाखांपर्यंत ११ टक्के, दहा ते वीस लाखांना १२ आणि त्यावर १३ टक्के एकरकमी कर आहे. डिझेलला हेच दर १३, १४ आणि १५ टक्के. बाहेरून आलेल्या गाडीला वयानुसार यात कपात मिळते, पण कर मोजतात तो गाडी नवी घेतानाच्या मूळ बिलाच्या किमतीवर, तुम्ही जुनी म्हणून दिलेल्या रकमेवर नाही. बहुतेकांचा हिशोब इथेच चुकतो. चार लाखांना घेतलेल्या गाडीचं मूळ बिल नऊ लाखांचं असेल तर आरटीओ नऊ लाख धरून वयाची कपात करतो. त्याच नऊ लाखांच्या पेट्रोल गाडीवर दिल्लीत ७ टक्के, म्हणजे ६३ हजार कर भरलेला असतो, आणि नवी गाडी पुण्यात घेतली असती तर ९९ हजार लागले असते. दिल्लीतून उरलेल्या वर्षांचा परतावा मिळाला तरी तो मुळातल्या कमी रकमेतला असतो, शिवाय फार उशिरा येतो. तो हिशोबात धरूच नका. गाडी कंपनीच्या नावावर घेणार असाल तर महाराष्ट्रात दर थेट २० टक्के होतो. गाडीची किंमत, इथला कर, वाहतूक, विमा, नवी नंबरप्लेट आणि दोनचार हजार किरकोळ अशी बेरीज करा, आणि तसलीच गाडी पुण्यात कितीला मिळते ते बघा. फरक किमतीच्या दहा टक्क्यांहून कमी असेल तर मी ती गाडी सोडून देतो. एवढ्यासाठी हा खटाटोप परवडत नाही.

हिशोब जुळला की गाडीआधी कागद तपासायचे, तेही घरबसल्या. परिवहनच्या वाहन पोर्टलवर नंबर टाकून मालकाचं नाव, रजिस्ट्रेशनची तारीख, विमा, पीयूसी आणि कर्जाची नोंद बघा. गाडी दिल्लीच्या यार्डात उभी असली तरी पासिंग गुरुग्रामचं (एचआर-२६) किंवा नोएडाचं (यूपी-१६) असू शकतं. पुढचं सगळं काम त्या राज्याच्या आरटीओकडून होणार, यार्डाच्या पत्त्यावरून नाही. नंतर ई-चलन पोर्टल आणि व्हर्च्युअल कोर्ट या दोन्ही ठिकाणी दंड तपासा. चलन कोर्टात गेलं की ते पहिल्या ठिकाणी नेहमीसारखं दिसत नाही, आणि थकीत चलनावर एनओसी (गाडी दुसऱ्या आरटीओकडे न्यायचं ना-हरकत प्रमाणपत्र) अडते. चोरीची नोंद एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) वाहन समन्वय सेवेत कळते. कर्ज फिटलेलं असलं तरी आरसीवर (रजिस्ट्रेशनच्या कार्डावर) बँकेचं नाव असतं. ते काढायला फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र लागतं, आणि हे पत्र ठरावीक मुदतीपुरतंच चालतं, बहुधा तीन महिने. कर्जाची नोंद काढून झाल्यावरच व्यवहार करा. ‘बँकेचं पत्र आहे, तुम्ही तिकडे काढून घ्या’ हे ऐकायचं नाही.

विकणारा दलाल असेल तर त्याच्याकडे जुन्या गाड्यांच्या व्यवसायाचं अधिकारपत्र (फॉर्म २९बी) आहे का ते विचारा. एप्रिल २०२३ पासून ही पद्धत आहे. मालकाने गाडी दलालाच्या ताब्यात दिल्याची नोंद फॉर्म २९सीने पोर्टलवर होते. ही नोंद नसेल तर दलालाकडे गाडी विकण्याचा अधिकार कुठून आला हा प्रश्न उरतो, आणि तो आरसीवरच्या मालकाला फोन करूनच सोडवायचा. मालकाशी बोलल्याशिवाय टोकन देऊ नका. एनओसीचा ओटीपी त्याच्याच मोबाइलवर येतो, ई-केवायसीत त्याचाच आधार लागतो. आरसीवर ‘आर. के.’ आणि आधारवर पूर्ण नाव, एवढ्यावरूनही अर्ज अडकतो. हे आधी विचारून घ्या.

गाडी बघताना इंजिन, क्लच, गिअर हे सगळे बघतातच. दिल्लीच्या गाडीत त्याआधी पाणी शोधायचं. जुलै २०२३ मध्ये यमुनेची पातळी २०८.६६ मीटरवर गेली, आणि रस्त्यावरच्या पाण्यात गाड्या तर दर पावसाळ्यात बुडतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. खालचा हातभर भाग कधी धुतला जात नाही, तिथे चिखलाची रेघ दिसते. डिकीतलं स्टेपनी चाक काढून खड्ड्याच्या कोपऱ्यात बोट फिरवा. पुढच्या सीटच्या रुळांचे बोल्ट बघा. आतल्या बोल्टला गंज चढायचं सहसा दुसरं कारण नसतं. दाराजवळचं कार्पेट उचलून खालचा फोम दाबा आणि वास घ्या. बुडालेली गाडी दोन-चार महिने व्यवस्थित चालते, मग वायरिंगच्या कनेक्टरना हिरवट गंज चढतो आणि रोज नवा दिवा लागतो. असली गाडी कितीही स्वस्तात घेऊ नका.

पेंटची जाडी मोजायचं मीटर सोबत असावं. कंपनीचा रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉन असतो. २००च्या वर गेला की पुन्हा रंगवलंय, ५००च्या वर गेला की खाली लांबी (पुट्टी) भरलेली. दार, फेंडर रंगवलेलं चालतं, छत आणि खांब चालत नाहीत. टायरवरचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. किलोमीटरची खात्री मीटरवरून होत नाही, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधल्या नोंदींवरून होते. बीएस-६ डिझेल शहरातच फिरली असेल तर डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) तुंबलेला असू शकतो. स्कॅनर लावून काजळीची पातळी बघा, आणि टेस्ट ड्राइव्ह हायवेवर निदान वीस मिनिटं घ्या. दिल्लीत सीएनजी किट पुष्कळ गाड्यांना असतं. आरसीवर इंधन ‘पेट्रोल/सीएनजी’ असं लिहिलेलं हवं आणि सिलिंडरची हायड्रो टेस्ट (दाबाची चाचणी) तीन वर्षांच्या आतली हवी. नाहीतर पुण्यात इन्स्पेक्टर गाडी परत पाठवतो.

गाडी पसंत पडली की चॅसिस नंबरचा ठसा घ्यायचा. नंबर काही गाड्यांत बॉनेटखाली मागच्या पत्र्यावर असतो, काहींत पुढच्या सीटखाली झाकणाआड. रॉकेलच्या चिंधीने जागा पुसा, पातळ कागद घट्ट धरा आणि मऊ पेन्सिल आडवी धरून हळू घासा. सतराच्या सतरा अक्षरं उमटली पाहिजेत. एखादं पुसट आलं तरी तो कागद टाकून द्या. असे सहा-सात ठसे काढून ठेवा, कारण एनओसीच्या अर्जाच्या, म्हणजे फॉर्म २८च्या, प्रत्येक प्रतीवर एक लागतो आणि इथल्या अर्जांवरही लागतात. ठसा घेताना आरसीशी एकेक अक्षर पडताळून घ्यावं.

आता पैसे. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही, म्हणून रक्कम बँकेतूनच आणि आरसीवरच्या मालकाच्या खात्यात. व्यक्ती थेट व्यक्तीला विकत असेल तर मी आग्रह धरतो तो असा: टोकन, मग एनओसीचा अर्ज, आणि एनओसी हातात आल्यावर उरलेली रक्कम आणि गाडीचा ताबा. पूर्ण पैसे मिळालेला विकणारा दोन आठवड्यांनी फोन उचलत नाही, हे या धंद्यातलं सगळ्यात जुनं दुखणं आहे. ताबा आधीच घ्यावा लागला तर निदान पंधरा-वीस हजार एनओसीपर्यंत राखून ठेवा आणि करारनाम्यात तसं लिहा. त्याच करारनाम्यात ताबा दिल्याची तारीख आणि वेळ, त्या क्षणापर्यंतची चलनं विकणाऱ्याची, आणि कराचा परतावा कोणाचा हेही लिहा.

एनओसी म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या कलम ४८ खालचं ना-हरकत प्रमाणपत्र. दिल्लीत हा अर्ज ऑनलाइन होतो. त्यात गाडी कोणत्या आरटीओकडे जाणार ते नाव टाकावं लागतं, आणि इथे फार जपा. कोथरूडचा पत्ता असेल तर पुणे, एमएच-१२. वाकडचा असेल तर पिंपरी-चिंचवड, एमएच-१४. ‘पुणेच आहे ना’ म्हणून एजंट एमएच-१२ टाकतो, आणि वाकडच्या माणसाला ती एनओसी दिल्लीतून रद्द करून नवी काढावी लागते. मालकाच्या सह्या फॉर्म २८ वर आणि मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर घ्या. २९ आणि ३० प्रत्येकी दोन-तीन प्रती जास्त घ्या, निळ्या शाईत, आरसीच्या नोंदीत आहे तशीच सही. मूळ आरसी, मूळ बिलाची प्रत, दुसरी किल्ली, विमा, पीयूसी आणि मालकाच्या पॅन-आधारच्या सही केलेल्या प्रती याच वेळी ताब्यात घ्या. बिल नसेल तर कराची रक्कम ठरवताना आरटीओत वाद होतो.

गाडी आणायचे दोन मार्ग. कॅरिअर ट्रकने पाठवायची तर बिल्टीवर (ट्रकवाल्याच्या मालपावतीवर) गाडीचा नंबर, किलोमीटर आणि आधीचे ओरखडे लिहून घ्या, चारही बाजूंनी फोटो काढा, टाकीत पाव टाकीपेक्षा कमी इंधन ठेवा आणि सामान आत ठेवू नका, कारण सामानाचा विमा नसतो. चालवत आणायची तर एनएच-४८ ने जयपूर, उदयपूर, अहमदाबाद, सुरत करत पुणे साधारण साडेचौदाशे किलोमीटर. नव्या-अनोळखी गाडीवर हे अंतर एका दमात करू नका, उदयपूर आणि सुरतजवळ मुक्काम करा. निघण्याआधी इंजिन ऑइल, कूलंट आणि ब्रेक पॅड बघून घ्या. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर थांबून खाली गळती आहे का ते तपासा. विकणाऱ्याचा फास्टॅग बंद करवून नवा लावा. एका नंबरवर एकच टॅग चालतो, आणि जुना चालू राहिला तर नवा निघतच नाही. टॅग नसेल तर यूपीआयने सव्वापट टोल. वाटेत पोलिसांनी अडवलं तर आरसी, विमा, पीयूसी, करारनामा आणि एनओसी एकत्र फाइलमध्ये दाखवा. दिल्ली पासिंग आणि मराठी बोलणारा चालक दिसला की महाराष्ट्राच्या हद्दीत विचारणा होतेच.

विम्याचं काम वाटेवर असतानाच सुरू करा. कलम १५७ नुसार नव्या मालकाने चौदा दिवसांत कंपनीला कळवायचं असतं. तोवर तृतीय पक्षाचं संरक्षण आपोआप मिळतं, पण तुमच्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचं नाही. नो क्लेम बोनस जुन्या मालकाचा असतो, तो त्याच्याकडे राहतो आणि त्या सवलतीची रक्कम तुम्ही भरायची.

पुण्यात आल्यावर एक गैरसमज हमखास ऐकायला मिळतो: परराज्यातली गाडी बारा महिने तशीच चालवता येते. कलम ४७ मधली ती बारा महिन्यांची मुदत बदली होऊन आलेल्या, गाडी स्वतःच्याच नावावर असलेल्या माणसासाठी आहे. विकत घेणाऱ्याला कलम ५० लागू होतं, आणि त्याने तीस दिवसांत मालकी बदलाची खबर द्यायची असते. दोन्ही अर्ज एकदमच करा. नवा नंबर फॉर्म २७, मालकी बदल २९ आणि ३०, सोबत फॉर्म २० लागतोच, कर्ज काढलं असेल तर फॉर्म ३४. पोर्टलवर अर्ज भरून कर भरायचा आणि ठरलेल्या दिवशी गाडी इन्स्पेक्टरसमोर उभी करायची. तो चॅसिस आणि इंजिन नंबर पुन्हा पडताळतो, काचेवरची गडद फिल्म, बदललेला सायलेन्सर, बुलबार असलं काही असेल तर काढायला लावतो. हे सगळं आदल्या दिवशीच काढून ठेवा. जुन्या गाड्यांची नोंद वाहन प्रणालीत अर्धवट असेल तर मूळ आरटीओकडून दुरुस्ती येईपर्यंत फाइल थांबते. तिथे विकणाऱ्याचा फोन नंबर पुन्हा कामाला येतो, म्हणून त्याच्याशी गोडीने राहा.

नंबर मिळाला की हाय सिक्युरिटी नंबरप्लेट, ७४५ रुपये अधिक जीएसटी. जुन्या प्लेट फेकू नका, परत केल्याची नोंद घ्या. पुढच्या काचेवरचा स्टिकर पेट्रोल-सीएनजीला फिका निळा, डिझेलला केशरी. नव्या नंबराने विम्यात दुरुस्ती, फास्टॅगमध्ये बदल, पीयूसी नवी. आणि नव्या आरसीची प्रत जोडून मूळ राज्यात कराच्या परताव्याचा अर्ज, करारनाम्यात ज्याच्या नावे लिहिला असेल त्याच्यासाठी.