ब्रिजेटची मनीऑर्डर

१६ मार्च, रात्री

उद्या सेंट पॅट्रिक्स डे, आयरिश लोकांचा सण. फिफ्थ ॲव्हेन्यूवर हिरव्या कपड्यांची गर्दी उसळेल. न्यूयॉर्कची ही मिरवणूक १७६२ पासूनची, म्हणजे अमेरिका स्वतंत्र होण्याच्याही आधीची. मला ती मनापासून आवडते. पण आयरिश लोकांनी या देशाला काय दिलं असं कुणी विचारलं, तर मी आधी आयरिश वंशाच्या राष्ट्राध्यक्ष केनेडींचं नाव नाही घेणार. मी घरकाम करणाऱ्या पोरींबद्दल बोलेन.

आज ऑफिसातल्या एका मैत्रिणीने फोनवर तिच्या खापरपणजीची नोंद दाखवली. एमिग्रंट सेव्हिंग्ज बँकेच्या जुन्या वहीतलं पान. बोटीतून उतरलेल्या गरिबांचे चार पैसे सुरक्षित राहावेत म्हणून १८५० साली इथल्या आयरिश मंडळींनी ही बँक काढली. खातेदारांत कित्येकांना सही येत नसे. मग पैसे काढायला आलेली बाई तीच, हे ओळखायचं कसं? कारकून खातं उघडतानाच सगळं विचारून घ्यायचा: गाव कुठलं, कुठल्या बोटीने आलीस, आईबापांची नावं काय, भावंडं कुठे असतात. पुढे हेच विचारून खात्री करायची. त्या पानावर तिरक्या, घाईच्या अक्षरात लिहिलंय: मेयो काउंटी, बोटीचं नाव, काम घरकाम, बाप वारला, आई गावी. मी ते पान मोठं करकरून बघत बसले. स्वतःचं नाव लिहिता न येणाऱ्या बाईचं अख्खं घर त्या चार ओळींत सापडतं. या वह्या आता न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत आहेत.

या पोरी आल्या कशामुळे ते सगळ्यांना ठाऊक आहे, तरी लिहिते. १८४५ साली आयर्लंडात बटाट्यावर करपा पडला आणि १८५२ पर्यंत सुमारे दहा लाख माणसं भुकेने नि रोगराईने गेली. त्याहून अधिक लोकांनी देश सोडला. करपा निसर्गाचा, पण बंदरांतून इंग्लंडला धान्य जातच होतं. आणि १८४७ च्या कायद्याने पाव एकराहून जास्त जमीन कसणाऱ्या कुळाला सरकारी मदत बंद केली. पोटाला हवं तर जमीन सोडा! मदतीच्या खर्चावर ज्याचा हात होता तो ब्रिटिश अधिकारी चार्ल्स ट्रेव्हेलियन नंतर मद्रासचा गव्हर्नर झाला, आणि मग कलकत्त्यात बसून हिंदुस्थानच्या तिजोरीचा कारभार पाहू लागला. हे वाचलं तेव्हा माझं डोकं भणाणलं होतं.

व्हेसी स्ट्रीटच्या टोकाला, हडसनकाठी, आयरिश हंगर मेमोरियल, त्या दुष्काळाचं स्मारक, आहे. मेयोतलंच एक दगडी घर सोडवून आणून तिथे पुन्हा उभारलंय. वर छप्पर नाही. बाजूला बटाट्याचे ओस वाफे, आयर्लंडचं गवत, बत्तीसही काउंट्यांतून आणलेले दगड. चढ चढून वर गेलं की समोर एलिस आयलंड दिसतं, जिथे पुढे बोटीतून आलेल्यांची तपासणी व्हायची ते बेट.

गावाकडे पैसे धाडणं म्हणजे काय, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. आमच्या आजीचं घर गिरणीतल्या काकांच्या मनीऑर्डरवर चाललं. इथे ते पोरींनी केलं. एकट्या यायच्या, परक्या घरी राबायच्या, गावचं भाडं भरायच्या, आणि साठलेल्या पैशांतून धाकटीचं तिकीट काढायच्या. मग ती तिसरीला बोलवायची. मालकांच्या लेखी सगळ्या ‘ब्रिजेट’, कुणाचंही खरं नाव काही का असेना. व्यंगचित्रांतून त्यांची यथेच्छ टिंगल व्हायची. फिफ्थ ॲव्हेन्यूवरच्या सेंट पॅट्रिक्स कॅथेड्रलचा पाया १८५८ साली घातला गेला, ते १८७९ साली उघडलं. त्यात श्रीमंतांच्या देणग्या होत्या तशी या मोलकरणींची पैपैही होती.

जुलै १८६३सुद्धा इथे लिहायलाच हवा. अमेरिकेतल्या यादवी युद्धासाठीच्या सक्तीच्या सैन्यभरतीत तीनशे डॉलर भरणाऱ्याला सूट होती, त्यावरून शहर पेटलं. दंगलखोरांत आयरिश मजूर पुष्कळ, आणि त्यांचा राग निघाला कृष्णवर्णीयांवर. माणसांना ठार करून टांगलं, कृष्णवर्णीय मुलांचं अनाथालय जाळलं. उपाशी देशातून आलेल्यांनी हे केलं, याचं मला फार वाईट वाटतं. त्यांचा गौरव करताना मी हे पान फाडून टाकू शकत नाही.

आता केट कोल. लिमरिकची मुलगी, न्यूयॉर्कमध्ये घरकामाला होती. १८८२ साली तिला इथेच मुलगा झाला. एकटीने मूल सांभाळून नोकरी करणं कठीण, म्हणून तो दोन वर्षांचा असताना तिने त्याला आयर्लंडला आजोळी धाडलं. तो म्हणजे आयर्लंडच्या स्वातंत्र्यलढ्याचे नेते एमन डी व्हॅलेरा. फेब्रुवारी १९२० मध्ये याच शहरात ‘फ्रेंड्स ऑफ फ्रीडम फॉर इंडिया’ या संघटनेच्या सभेत त्यांनी भारत आणि आयर्लंडचा लढा एकच असल्याचं सांगितलं. त्याआधी आयरिश क्रांतिकारक जॉन डेव्हॉय यांच्या ‘गेलिक अमेरिकन’ या वृत्तपत्राने कित्येक वर्षं आपल्या स्वातंत्र्याची बाजू लावून धरली होती. इकडे टिळकांनी १९१६ साली बेळगावात होमरूल लीग काढली, तीही आयर्लंडकडे पाहत. शाळेत मला यातलं होमरूलपुरतंच शिकवलं.

डी व्हॅलेरा अमेरिकेत फिरत होते तेव्हा केट रॉचेस्टरला राहत होती, दुसरा संसार मांडून. मुलावर जाडजूड चरित्रं आहेत, तिच्या वाट्याला सुरुवातीची काही पानं. तिच्यावर मराठीत सविस्तर लिहायचं माझ्या मनात आहे. रॉचेस्टरला एकदा जाऊन यायला हवं.