ओलं जळण

रविवारी दुपारी लेकीने क्लॅटच्या, म्हणजे कायद्याच्या प्रवेश परीक्षेच्या, सरावाचं पुस्तक माझ्याकडे सरकवलं. ‘बाबा, हा वीकनचा, युक्तिवाद कमकुवत करायचा प्रश्न करून दाखव.’ उतारा असा: शहरात सायकल ट्रॅक झाले, वर्षभरात अपघात कमी झाले, सबब ते ट्रॅकमुळेच कमी झाले. या युक्तिवादातली हवा कोणता पर्याय सगळ्यात जास्त काढतो?

मी पेन्सिलीने ‘बी’वर खूण केली. बऱ्याच सायकलवाल्यांना ट्रॅक गैरसोयीचे वाटतात. वाटतातच! आमच्या रस्त्यावरच्या ट्रॅकवर शहाळ्यांची गाडी उभी असते.

‘बाबा, पटतंय म्हणून टिक करायचं नसतं. पर्याय खरे धरूनच चालायचं, आणि अपघात आणखी कशाने कमी झाले असतील ते बघायचं.’ उत्तर ‘डी’ होतं. त्याच वर्षी ट्रक-टँकर बायपासने जायला लागले होते.

नैयायिकांना, म्हणजे आपल्या जुन्या न्यायदर्शनातल्या तर्कपंडितांना, हे पाठ होतं. धूर दिसला की विस्तव आहे म्हणा, हरकत नाही. पण विस्तव आहे म्हणजे धूर असणारच म्हणालात, की ते तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा पुढे करत. विस्तव आहे, धूर कुठाय? धुराला ओलं जळण लागतं.

ओलं जळण म्हटलं की मला आजीची पावसाळ्यातली चूल दिसते. फुंकून फुंकून डोळे लाल झालेली आजी, आणि भिंतीला टेकून गोधडीत बसलेला मी. ‘पावसात भिजलास म्हणून ताप आला.’ शेजारचा बाळ्याही माझ्याबरोबरच भिजला होता आणि चांगला हुंदडत होता. मी हा मुद्दा मांडला. फुंकणी खाली न ठेवता आजी म्हणाली, ‘त्याला उद्या येईल.’

दुसऱ्या दिवशी बाळ्याला काहीही झालं नाही. पण रात्रीच ती त्याला गवती चहाचा काढा पाजून आली होती, त्यामुळे तेही तिच्याच खात्यात जमा झालं. याला कुठला ‘डी’ आणायचा?

‘१२० प्रश्न, २ तास,’ लेक म्हणाली. ‘तू एकाला वीस मिनिटं घेतलीस. वर पाव मार्क गेला.’

पुस्तक परत देताना तिच्या वहीचं मागचं पान दिसलं. कॉलेजांची पसंती पेन्सिलीने लिहिलेली, सगळ्यात वर बंगळुरू. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर अशी तीन राष्ट्रीय विधी विद्यापीठं महाराष्ट्रातच आहेत, सबब इतक्या लांब जायची गरज नाही, हे मी तिला जूनपासून सांगतोय. ती ऐकून घेते. खोडून काढायचा तिने अजून एकदाही प्रयत्न केलेला नाही.