डीबीएसची चौथी पायरी आणि शाळेचा शेवटचा आठवडा

इंग्लंडमध्ये मूल प्राथमिक शाळेत असेल आणि जुलैच्या अखेरच्या आठवड्यात वर्गाबरोबर मदतनीस म्हणून जायचं मनात असेल, तर डीबीएसचा अर्ज मार्च-एप्रिलमधल्या ईस्टरच्या सुट्टीआधी भरून टाका. कुणी इथेच वाचायचं थांबवलं तरी चालेल, एवढं मात्र लक्षात राहू दे.

डीबीएस म्हणजे तुमच्या नावावर काही गुन्ह्याची नोंद आहे का, याची सरकारी तपासणी, आणि ती करणाऱ्या खात्याचं नावही तेच. शिक्षकांच्या नजरेसमोर राहून मदत करणाऱ्या पालकाला ती कायद्याने सरसकट सक्तीची नाही, धोका किती आहे ते पाहून शाळेने ठरवायचं असतं. आमच्या शाळेचा नियम साधा होता: फाटकाबाहेर मुलांबरोबर जाणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाकडे ‘एन्हान्स्ड’, म्हणजे जास्त सखोल तपासणीच्या, दर्जाचं प्रमाणपत्र हवं. या नियमाबद्दल माझी काही तक्रार नाही. दुसऱ्याच्या मुलाचा हात धरून रस्ता ओलांडायचा तर माझी चौकशी व्हायलाच हवी.

शाळा कॅथलिक, आम्ही नाही. बरेच जण विचारतात म्हणून सांगते: वर्गात जागा असेल तर अशी शाळा दुसऱ्या धर्माच्या मुलाला नाकारू शकत नाही, अर्ज जागांपेक्षा जास्त झाले, तरच बाप्तिस्मा झालेल्या मुलांचा नंबर आधी लागतो. मुलगा सकाळी, जेवणाआधी, जेवणानंतर आणि घरी निघताना प्रार्थना म्हणत मोठा झाला. यंदा तो इयर सिक्सला, प्राथमिकच्या शेवटच्या वर्षाला, म्हणजे सप्टेंबरपासून दुसरी शाळा. मे महिन्यात पत्र आलं की शेवटच्या आठवड्यासाठी पालक हवेत: सोमवारी तालमीसाठी चर्चपर्यंत चालत जायचं, मंगळवारी स्पोर्ट्स डे, गुरुवारी वॉल्सिंगम या तीर्थक्षेत्राची सहल, शुक्रवारी निरोपाची मिसा, म्हणजे चर्चमधली उपासना. मी त्याच दिवशी नाव दिलं.

अर्ज ऑनलाइन होता. स्वयंसेवकाला त्याची सरकारी फी पडत नाही. मात्र स्वयंसेवक कुणाला म्हणायचं याची व्याख्या आहे, मदत फक्त स्वतःच्या मुलापुरती असेल तर ती त्यात बसत नाही. सोबत इतर मुलं असली की झालं.

खरा विचार करावा लागतो तो नावाच्या रकान्यात, आणि तो आपल्या बायकांना जास्त. आजवर वापरलेली सगळी नावं द्यायची, कधीपासून कधीपर्यंत तेही. माझं माहेरचं आडनाव वेगळं, मधलं नाव आधी वडिलांचं आणि मग नवऱ्याचं. माझ्या मैत्रिणीचं तर लग्नात पहिलं नावही बदललेलं. पासपोर्टवर एक, इथल्या लायसन्सवर दुसरं असलं तर दोन्ही लिहा. मी शाळेचा दाखला समोर ठेवूनच बसले होते. मग गेल्या पाच वर्षांचे पत्ते, मध्ये एका महिन्याचीही फट नको. भारतातला पत्ताही यात येतो, जरी तिथल्या पोलिसांच्या नोंदी डीबीएसला दिसत नसल्या तरी. ओळखीची कागदपत्रं तीन लागली. मोबाइलचं बिल पत्त्याचा पुरावा म्हणून चालत नाही, कौन्सिल टॅक्सचं, म्हणजे इथल्या घरपट्टीचं, वर्षभरातलं बिल चालतं. ते जपून ठेवत जा.

इथवर सगळं सुरळीत. शाळेच्या ऑफिसमधल्या बाईंनी पासपोर्ट पाहिला, अर्ज पुढे गेला.

अर्ज कुठवर पोचला हे बघायला एक पान असतं. अर्जाचा नंबर आणि जन्मतारीख टाकली की पाच पायऱ्या दिसतात. पहिली, अर्ज मिळाला आणि तपासला. दुसरी, पोलिसांच्या राष्ट्रीय संगणकावर शोध. तिसरी, मुलांबरोबर काम करायला बंदी असलेल्यांच्या याद्या. चौथी, स्थानिक पोलिसांकडच्या नोंदी. पाचवी, छपाई. पहिल्या तीन अशा भराभर झाल्या की मी नवऱ्याला म्हटलं, बघ, याला म्हणतात यंत्रणा.

मग चौथी.

चौथीवर आपला अर्ज पोलिसांकडे जातो, तोही तुम्ही सध्या राहता तिथल्याच पोलिसांकडे जाईल असं नाही. आम्ही इथे यायच्या आधी दुसऱ्या एका शहरात भाड्याने राहत होतो. त्या घरात आमच्या आधी किती भाडेकरू येऊन गेले देव जाणे. नाव किंवा जुना पत्ता कशाशी जुळतोय असं वाटलं की तिथल्या पोलिसांना ते बघावं लागतं, असं ऑफिसच्या बाईंनी समजावलं. म्हणजे माझ्या नावावर काही आहे म्हणून नव्हे, काही नाही याची खात्री करायला वेळ लागतोय. ऐकायला बरं वाटलं. पण संध्याकाळी पान उघडलं की तेच, चौथी पायरी, काम चालू आहे.

दुसऱ्या दिवशी तेच. पुढच्या सोमवारी तेच. जून उजाडला. कम्युनियन, म्हणजे मिसेतला पवित्र प्रसाद, पहिल्यांदा घेतलेल्या मुलांचे पांढऱ्या कपड्यांतले फोटो शाळेच्या भिंतीवर लागले. छोट्यांची फोनिक्सची, म्हणजे अक्षरांच्या उच्चारांवरून वाचण्याची, तपासणी झाली, इयर फोरवाल्यांची पाढ्यांची झाली. माझी काही संपेना. वर्गातल्या एका आईने माझ्यानंतर अर्ज केला होता, तिचं प्रमाणपत्र आलंसुद्धा. ती दिसली की मी रस्त्याच्या पलीकडून चालायची. हे शहाणपणाचं नव्हतं, पण ‘अजून नाही आलं?’ हा प्रश्न ऐकायची ताकद उरली नव्हती.

हेल्पलाइनवरची माणसं सभ्य होती. अर्ज पोलिसांकडे आहे, एवढंच ती सांगू शकत होती. मग मी त्या जुन्या शहरातल्या पोलिसांकडे चौकशी केली, तर उत्तर आलं की अर्जदाराशी आम्ही याबद्दल बोलत नाही, डीबीएसला विचारा. इकडून तिकडे, तिकडून इकडे. माझ्याबद्दल सगळी चौकशी चालली आहे आणि मला सोडून सगळ्यांना ती ठाऊक आहे, असं वाटायला लागतं. रोज पान उघडून काही होत नाही हे कळत असतं, तरी बोट तिकडे जातंच. आपण काही केलंय का, असा विचारही एका रात्री येऊन गेला. पार्किंगचा दंड आठवला. तो यात येत नाही, घाबरू नका.

कामाचं कळलं ते असं: चौथ्या पायरीवर ६० दिवस उलटले की विलंबाचं प्रकरण वर न्यायची विनंती करता येते. त्याआधी कितीही फोन करा, काही हलत नाही. म्हणून तर ईस्टरआधी भरा म्हणते. मेमध्ये भरलात आणि अडकलात, तर हे ६० दिवस तुम्हाला थेट सुट्टीच्या दारात नेऊन सोडतात. मी विनंती केली. तिच्यामुळे हललं की आपोआप, देव जाणे, पण एक दिवस पान उघडलं तर पाचवी पायरी. मी स्वयंपाकघरात एकटीच मोठ्यांदा ओरडले.

आणि तरी सोमवार हुकला. पाचवी पायरी म्हणजे प्रमाणपत्र हातात आलं असं नाही. ते टपालाने येतं आणि तुमच्याच घरी येतं, शाळेत नाही. आमच्या शाळेला मूळ कागद हवा होता, फोनवरचं पान चालणार नव्हतं. सोमवारी पिवळी जाकिटं घालून, जोड्या करून मुलं चर्चकडे निघाली ती मी फाटकातून पाहिली. पत्ता बदलणार असाल तर अर्ज चालू असताना बदलू नका, हे इथेच सांगून ठेवते.

मंगळवारी स्पोर्ट्स डे. त्याला नुसतं बघायला बसायचं असेल तर काही लागत नाही. संतांच्या नावांचे चार संघ, चमच्यात अंडं, पोत्यातली शर्यत. सनक्रीम घरूनच लावून पाठवा. पाकीट बुधवारी आलं. मी घरच्या चपलेतच शाळेत गेले.

गुरुवार मात्र मनासारखा गेला. वॉल्सिंगम नॉरफकमध्ये आहे. १०६१ साली तिथे एका बाईला मारियामातेचं दर्शन झालं अशी श्रद्धा आहे. १५३८ मध्ये आठव्या हेन्रीच्या काळात ते देवस्थान मोडलं गेलं, पण गावाबाहेरचं १३४० च्या सुमाराचं छोटं स्लिपर चॅपल टिकलं. पूर्वी यात्रेकरू तिथे पायताण काढून शेवटचा मैल अनवाणी जात. आमच्यातल्या काही पोरांनीही बूट काढले, खडे टोचताच परत घातले. माझ्या गटात सहा जण होते. आषाढ चालू होता, त्यामुळे मला सारखी वारी आठवत होती, फक्त इथे टाळांऐवजी पाण्याच्या बाटल्यांचा आवाज. मुलगा दुसऱ्या गटात होता आणि त्याने माझ्याकडे अजिबात लक्ष दिलं नाही.

शुक्रवारी मिसा. आपण कॅथलिक नसलो तरी कम्युनियनच्या रांगेत पुढे जाता येतं: दोन्ही हात छातीवर आडवे धरायचे, फादर आशीर्वाद देतात. नाहीतर जागेवर बसून राहा, कुणी काही म्हणत नाही. नंतर मैदानात सगळ्यांनी एकमेकांच्या पांढऱ्या शर्टांवर सह्या केल्या. मार्कर कायमचा असतो, तो शर्ट धाकट्या भावंडासाठी ठेवायचा बेत असेल तर सकाळी जुनाच घाला.

एक राहिलं. प्रमाणपत्र निघाल्या तारखेपासून ३० दिवसांत ‘अपडेट सर्व्हिस’ला नाव नोंदवा, स्वयंसेवकाला तीही फुकट आहे. तशाच कामासाठी पुढे कुणी प्रमाणपत्र मागितलं, तर नवा अर्ज न करता ते ऑनलाइन तपासू शकतात. धाकटी अजून त्याच शाळेत आहे. मी पाकीट फोडलं त्याच संध्याकाळी नोंदवलं.